ड्रॅगनदेव घडवायचाय? मग रंकाळ्याकडं पाठ करून बसा

स्वतःचं काल्पनिक जग लिहायला घेतलंय म्हणजे सृष्टी निर्माण करणारा देव लागणारच, आणि तो ड्रॅगन असणार हेही ठरलेलंच. उत्तम. फक्त लिहायला रंकाळ्यावर जाणार असाल तर कठड्यावर तळ्याकडं पाठ करून बसा. आसपास बघितलंत की घात झाला.

आधी नाव. त्यात तीन तरी जोडाक्षरं हवीत आणि मध्येच एक अवग्रह. तो कशासाठी, हे कुणाला सांगायचं नाही. मी माझ्या देवाचं नाव 'झ्राऽक्ष्वर्थ्रोन' ठेवलं होतं. भक्ताला सहज घेता येईल ते देवाचं नाव कसलं? 'अंबाबाई' या चार साध्या अक्षरांवर अख्ख्या कोल्हापूरचं भागतंय, पण ती अडाणी पद्धत झाली.

मग निर्मिती. देव अंधारात झोपलेला, जागा होतो, एकटेपणा वाटतो, आग ओकतो, झालं जग. हे आजवर कुणालाच सुचलेलं नाही, अशा विश्वासानं लिहा. बाबिलोनियाच्या मार्दुक देवानं तिआमत या सागरदेवीचं शरीर चिरून अर्ध्याचं आकाश केलं, ऋग्वेदातल्या इंद्रानं वृत्र नावाचा अही, म्हणजे सर्प, मारून अडलेलं पाणी मोकळं केलं, चीनचा ड्रॅगन तर चक्क पाऊस पाडतो, असलं काही वाचू नका. वाचून उगाच प्रश्न पडतात. आगीतून डोंगर उठले असं लिहायचं असेल तर पन्हाळ्याला जाताना खिडकीची सीट टाळा. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालाय, तोही एकाही ड्रॅगनची मदत न घेता.

एका सूर्यावर तुमच्या जगाचं भागणार नाही, तीन घ्या. इथं एकाचाच ताप केवढा! अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला मावळतीचं ऊन गाभाऱ्यातल्या मूर्तीपर्यंत पोचतंय का, हे बघायला माणसं श्वास रोखून उभी असतात. कधी ढग आडवे येतात, तर कधी वाटेतली इमारत. तुमचे तिन्ही सूर्य मात्र नकाशाच्या कोपऱ्यात गुमान बसतील. नकाशा झाला की वंशावळ. माझी सतरा पानं झाली तरी कादंबरीत कुणी तोंड उघडलेलं नव्हतं.

ती सतरा पानं घेऊन मी रंकाळ्यावर गेलो. सोबत तालमीतला मित्र होता. हे मात्र तुम्ही कधीच करू नका. भेळ खात त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भावा, ह्यो देव जेवतोय काय?"

"न्हाई. तो देहाच्या पलीकडं आहे."

"मग नैवेद्य कशाचा? गुरव कोण? आणि पाऊस लांबला तर ह्येच्याशी भांडायचं कसं? नावच घेता येत न्हाई. बरं, रुसतोय तरी काय?"

"भावनांच्याही पलीकडं आहे."

"मग जग करायचं तरी नडलं होतं काय त्येचं?"

रुसण्याचा विषय त्यानं काढला आणि माझी पंचाईत झाली. तुमचा देव रुसणार नाही, एवढी काळजी घ्या. नाहीतर त्र्यंबोली देवीसारखं होतं. राक्षसांशी लढताना अंबाबाईला मदत केली त्र्यंबोलीनं, आणि विजयाच्या आनंदात बोलवायचं राहिलं ते नेमकं तिलाच. ती रुसून टेकडीवर जाऊन बसली, आणि आजही नवरात्रातल्या पंचमीला अंबाबाईची पालखी तिची समजूत काढायला टेंबलाई टेकडीवर जाते. तिथं कोहळा फुटतो. एका राहून गेलेल्या आमंत्रणाची भरपाई दरवर्षी, वाजतगाजत! आमच्याकडं लग्नात मावशीचं नाव पत्रिकेत राहिलं तर यापेक्षा फार वेगळं काही होत नाही. असल्या घरगुती भानगडींनी तुमच्या महाकाव्याचा भारदस्तपणा जातो.

खलनायकही निखळ काळा ठेवा. त्याला शेवटची इच्छा वगैरे देऊ नका. कोल्हासुरानं मरताना देवीकडं मागितलं की या नगराला माझं नाव राहू दे, आणि देवीनं ते दिलं. झालं काय? राक्षस मेला, पण एसटीच्या पाटीवर अजून तोच आहे. आपण 'जगात भारी कोल्हापुरी' म्हणून छाती काढतो तेही त्याच्याच नावानं.

प्रलयाची सोय मात्र मी झकास केली होती. तिन्ही सूर्य एका रेषेत येणार, झ्राऽक्ष्वर्थ्रोन पुन्हा जागा होणार आणि आपलीच सृष्टी गिळणार. मित्रानं भेळेचा कागद चुरगळला आणि रंकाळ्याच्या नंदीकडं बोट केलं. तो रोज गव्हाएवढा पुढं आणि तांदळाएवढा मागं सरकतो, तळ्यात पोचला की जग बुडणार, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. पण मित्राला आज वेगळीच शंका आली होती.

"तांदूळ कंचा धरायचा? आजऱ्याचा घनसाळ आखूड असतोय. त्यो धरला तर नंदी पुढं पुढं चाललाय, म्हंजे आपण बुडालो. बासमती धरला तर मागं मागं. मग काय टेन्शन न्हाई." थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजून तो माझ्याकडं वळला. "तुझ्या ड्रॅगनचा हिशोब काय?"

मी तळ्याकडं पाठ करून बसलो आणि अठराव्या पानावर वंशावळ पुढं चालू केली.