डेन्मार्क बीचवरून उठून युरो जिंकला? अर्धं खरं आहे
डेन्मार्कचे प्लेयर्स बीचवर सुट्टीत होते, तिथून उचलून आणले आणि १९९२ चा युरो (युरोपची फुटबॉल चॅम्पियनशिप) जिंकला, अशी पोस्ट फिरतेय. युद्धामुळे युगोस्लाव्हियावर बंदी आली आणि जेमतेम १० दिवस आधी यांना बोलावलं हे बरोबर, पण टीम काही झोपलेली नव्हती हो, ३ जूनला सीआयएसशी (फुटलेल्या सोव्हिएत युनियनच्या देशांची टीम) फ्रेंडली खेळायचीच होती, ती १-१ सुटली. आणि क्वालिफायिंगमध्ये युगोस्लाव्हियाच्या फक्त एक पॉइंट मागे होते, बेलग्रेडला जाऊन त्यांना २-१ हरवलंही होतं! शिवाय फोटोत मायकेल लाउड्रुप लावलाय, तो या टीममध्ये नव्हताच, भाऊ ब्रायन होता. सेमीला गोलकीपर श्मायकलने नेदरलँड्सच्या व्हॅन बास्टनची पेनल्टी अडवली, फायनलला जर्मनीला २-० हरवलं, त्याला नुसतं नशीब म्हणू नका प्लीज.