‘नव्वद टक्के लक्षात राहतं’ हा आकडा आला कुठून?

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : मूल वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के आणि स्वतः केलेलं ९० टक्के लक्षात ठेवतं. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, म्हणजे एआर (फोनच्या पडद्यात समोरच्या खऱ्या जागेवर त्रिमितीय चित्र उभं करणारं तंत्र), हे ‘स्वतः करणं’ आहे. म्हणून एआर असलेलीच शाळा निवडा. सहली नकोत, प्रयोग नकोत, घरचा मोबाईल पुरे. मी दादरला विज्ञान शिकवते. हा मेसेज दाखवून एका आईनं ‘बाई, शाळा बदलू का?’ असं विचारलं, तेव्हा गप्प बसवेना.

आधी टक्के. मेसेजसोबत फिरणाऱ्या त्रिकोणी चित्रावर एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचं नाव आहे. डेल यांनी १९४६ साली ‘अनुभवाचा शंकू’, म्हणजे शिकण्याचे अनुभव प्रत्यक्षापासून अमूर्तापर्यंत रचून दाखवणारी आकृती, मांडला हे खरं, पण त्यात एकही आकडा नव्हता. हे आकडे १९६७ साली एका तेल कंपनीत काम करणाऱ्या ट्रायक्लर यांच्या लेखात छापून आले, तेही कुठल्याही प्रयोगाचा आधार न देता. पुढे कुणीतरी ते शंकूला चिकटवले. मुळात किती लक्षात राहतं हे काय शिकवलं, किती दिवसांनी विचारलं आणि मुलाला आधीपासून काय येत होतं, यावर ठरतं. सातचा पाढा आणि हृदयाचे कप्पे एकाच मापानं कसे मोजणार?

बरं, एआर म्हणजे स्वतः करणं का? फोनच्या पडद्यावर, समोरच्या बाकावर उभं राहिलेलं हृदय बोटानं फिरवणं हेही पाहणंच आहे. पुस्तकातल्या चित्रापेक्षा चांगलं, हे मान्य. चित्राला मागची बाजू नसते. हृदयाची आतली रचना, रेणूंचे आकार यांसाठी मला एआर हवंच आहे. पण बाकावर मावेल अशी सूर्यमाला दाखवायची तर अंतरं आक्रसावी लागतात, आणि चंद्र पृथ्वीला खेटूनच फिरतो अशी समजूत मुलांच्या डोक्यात घट्ट बसते. ती मोडायला मी ३० सेंटिमीटरचा पृथ्वीगोल व्हरांड्याच्या एका टोकाला ठेवते आणि चंद्र म्हणून आठेक सेंटिमीटरचं संत्रं एका मुलाच्या हातात देते. ‘कुठे उभा राहशील?’ जवळजवळ सगळे हातभर अंतरावर थांबतात. खरी जागा नऊ मीटरवर! याच मापानं सूर्य दहा-अकरा मजली इमारतीएवढा आणि साडेतीन किलोमीटरवर, म्हणजे दादरहून माहीमच्याही पुढे. ती नऊ मीटर पावलांनी मोजताना वर्ग एकदम शांत होतो. त्या शांततेसाठी मी हा तास दरवर्षी घेते.

सहली नकोत, हे तर मला मुळीच पटत नाही. अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, सुमारे २०० फूट उंच, बेसाल्टच्या उभ्या स्तंभांची, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून घडलेली. भूगोलाच्या पुस्तकातलं दख्खनचं पठार तिथे हात लावून बघता येतं, आणि इमारती त्याला किती भिडल्यात तेही. हाजीअलीच्या खडकांवर ओहोटीला डबक्यात समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन) हा फुलासारखा दिसणारा प्राणी असतो. तो नेमका कुठे दिसेल हे ठाऊक नसतं, म्हणून मूल वाकून शोधतं. अ‍ॅपमध्ये आधी घातलेलंच सापडतं.

राहिला मोबाईल. अनेक एआर अ‍ॅपना जायरोस्कोप, म्हणजे फोन कसा वळतोय हे ओळखणारा सेन्सर, लागतो, आणि स्वस्त फोनमध्ये तो बरेचदा नसतो. माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांत एकच फोन आहे आणि तो सकाळीच वडिलांबरोबर कामावर जातो. शिवाय अ‍ॅप बंदही पडतात. गूगलचं एक्सपिडिशन्स हे आभासी सहली घडवणारं अ‍ॅप जगभरच्या शाळांत वापरलं जायचं, ते २०२१ च्या जूनअखेर बंद झालं. त्यावर बेतलेले तास शिक्षकांना पुन्हा नव्यानं बांधावे लागले.

त्या आईला मी शाळा बदलू नका म्हणून सांगितलं. आणि पुढच्या ओहोटीला मुलीला घेऊन हाजीअलीला या, मीही असेन, असंही.