एका कुत्र्याची चार कुत्री

गेले पंधरा दिवस आमच्या भागातल्या आरोग्याच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. सांगणं थोडक्यात असं : पेशंटच्या प्रत्येक भेटीला कारणाचा कोड लावायचा, हा डॉक्टरला कारकून करण्याचा डाव आहे. दवाखान्याचं काम मोजायचं तर ओपीडी बघा. ज्याची ओपीडी जास्त तो कामाचा, बाकीचे फुकटचा पगार खातात. शेवटी इंग्लंडचा दाखला, की तिथं कोडच्या नादात पेशंटला तारीखच मिळत नाही. मी बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी आहे. ती ओपीडी शेवटी माझ्याच खिडकीवर येऊन थांबते, म्हणून लिहितो.

आधी 'जास्त ओपीडी' बघू. बीपीच्या पेशंटला महिन्याच्या गोळ्या दिल्या तर तो वर्षात १२ वेळा येतो. आठवड्याच्या दिल्या तर ५२ वेळा. असे २०० पेशंट धरा : पहिल्या केंद्राची ओपीडी २,४००, दुसऱ्याची १०,४००. माणसं तीच दोनशे, गोळी तीच. मेसेजच्या हिशेबानं दुसरा डॉक्टर चौपट कामाचा. त्या प्रत्येक जादा खेपेला कुणाची तरी रोजंदारी बुडाली, ती कुठल्याच रकान्यात येत नाही. आमच्याकडं गोळ्यांचा साठा कमी आला की मीच पुरवून पुरवून सात-सात दिवसांच्या देतो. त्या महिन्यात ओपीडी चढते. म्हणजे टंचाईत आमची कामगिरी सगळ्यात झकास!

काम मोजायचंच असेल तर दुसरा रस्ता आहे. २०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, त्यातल्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. तिथं किती आले यापेक्षा नोंदलेल्यांपैकी किती जणांचं बीपी शेवटच्या भेटीत १४०/९० च्या खाली होतं, हे विचारतात. पण हे सांगायचं तर कोण बीपीसाठी आला आणि कोण खोकल्यासाठी, हे आधी लिहिलेलं पाहिजे.

मेसेज लिहिणाऱ्याचा खरा घोटाळा इथंच आहे. त्याला कोड म्हणजे आजाराची इंग्रजी नावं वाटतात. भेटीचा कोड त्याहून साधा : नवी तक्रार, ठरलेली फेरतपासणी, नुसत्या गोळ्या न्यायला, ड्रेसिंग, लस, दाखला. आपल्या रजिस्टरात 'नवा-जुना' हा रकाना आहेच, तोही कोडच. फक्त त्याचा अर्थ ज्याच्या हातात पेन तो ठरवतो. कुणी केसपेपर नवा म्हणून पेशंट नवा धरतो, कुणी आजार नवा म्हणून. कुत्रं चावलं की लस कातडीत देताना त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी टोचतात. चारही वेळा 'कुत्रं चावलं, नवा' लिहिलं की एका कुत्र्याची चार कुत्री होतात. पुढं त्या आकड्यावर कुणी लसीची मागणी करतो, कुणी गावात कुत्री माजली म्हणून बोंब मारतो.

डॉक्टरला कारकून करू नका, हे मात्र शंभर टक्के मान्य. हे काम केसपेपर काढणाऱ्यानं करावं, आत गेल्यावर कारण बदललं तरच डॉक्टरनं दुरुस्त करावं. आणि पर्याय सहा-सात असावेत. चाळीस ठेवले की सगळा तालुका 'इतर'मध्ये जातो.

आता इंग्लंड. तिथं तारीख मिळताना हाल होतात हे खरं, पण ते खापर कोडवर फोडता येत नाही. डॉक्टर थोडे आणि मागणी जास्त, हे जुनं दुखणं आहे. उलट त्यांची एक फजिती आपल्याच उपयोगाची. जीपीनं, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरनं, ४८ तासांत पेशंट बघावा असं लक्ष्य सरकारनं दिलं होतं. २००५ च्या निवडणुकीत टीव्हीवरच्या कार्यक्रमात एका बाईनं पंतप्रधान टोनी ब्लेअरना तोंडावर सांगितलं, की त्यापायी दवाखाना पुढच्या आठवड्याची वेळच देत नाही. कारण पुढची वेळ दिली की लक्ष्य हुकतं! २०२१ मध्ये तिथं भेटींचे देशभर एकसारखे प्रकार ठरले आणि नोव्हेंबर २०२२ पासून दवाखानानिहाय आकडे जाहीर होऊ लागले. वेळ घेतल्यापासून किती दिवसांनी पेशंट बघितला, तेही त्यात असतं. शुगरवाल्याला डॉक्टरनंच महिन्यानं बोलावलं असेल आणि त्या भेटीचा प्रकार नीट लावला नसेल, तर कागदावर तो महिनाभर ताटकळलेला दिसतो. कोड नसल्यानं बदनामी कुणाची झाली? चांगली फेरतपासणी करणाऱ्याचीच.

दर महिन्याला केंद्रांचा नंबर लावा, अशीही सूचना मेसेजमध्ये आहे. ती करणाऱ्यानं दसऱ्यानंतर आमच्याकडं यावं. ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला निघतात, त्या पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच परततात. निघायच्या आदल्या दिवशी बाया खिडकीशी येतात : "दादा, औंदा कर्नाटकात चाललोत, गोळ्या जरा जास्त बांधून द्या." पुढचे पाच-सहा महिने रिपोर्टात त्या 'फेरतपासणी चुकली' म्हणून पडतात. ज्या गावात कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी जास्त, त्याचं केंद्र शेवटून पहिलं.

यावर काही सहकारी म्हणतात, त्यांना यादीतून वजाच करा. मला ते पटत नाही. वजा करायची मुभा दिली की नको असलेला प्रत्येक पेशंट कारखान्याला जाईल. त्यांना वेगळ्या ओळीत दाखवा, कुठं गेल्या आणि कधी परतणार ते लिहा, म्हणजे तिथल्या केंद्राला कळवता तरी येईल. सध्या मी रजिस्टरच्या कडेला पेन्सिलीनं 'स्थ.', म्हणजे स्थलांतरित, लिहून ठेवतो. ऑनलाइन भरताना त्या एका जोडाक्षराला जागा नाही.