लुकअप झालं, मग कॉल का मरतो?

लातूर असो की परभणी, लॅबमध्ये दर सेमिस्टरला हेच रडगाणं. जावा आरएमआय, म्हणजे एका मशिनवरून दुसऱ्यावरच्या ऑब्जेक्टची मेथड बोलावायची सोय. तिचा सर्व्हर एका पीसीवर, क्लायंट दुसऱ्यावर. १०९९ पोर्टवरच्या रजिस्ट्रीत (नावावरून ऑब्जेक्ट शोधून देणारी नोंदवही) लुकअप झकास, अन् पहिली मेथड बोलावली की ‘कनेक्शन रिफ्यूज्ड, १२७.०.१.१’! अरे बाबांनो, रजिस्ट्री नुसता स्टब देते, म्हणजे क्लायंटकडचा सर्व्हर-ऑब्जेक्टचा प्रतिनिधी. सर्व्हरचा पत्ता त्या स्टबात असतो. उबुंटूच्या होस्ट्स फाईलमध्ये मशिनचं नाव १२७.०.१.१ ला, म्हणजे ‘हीच मशिन’ अशा पत्त्याला, बांधलेलं, तोच पत्ता स्टबात शिरतो. मग क्लायंट बसतो स्वतःचंच दार ठोठावत! सर्व्हर चालू करतानाच कमांडमध्ये ‘जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम’ या प्रॉपर्टीला सर्व्हरचा लॅनवरचा आयपी द्या ना. तेही क्लासच्या नावाआधी. नंतर लिहिलं तर ते साधं आर्ग्युमेंट होतं. अन् फायरवॉलमध्ये एकटं १०९९ उघडून भागत नाही. ऑब्जेक्ट एक्सपोर्ट करताना, म्हणजे बाहेरचे कॉल घ्यायला खुला करताना, पोर्ट ० दिला की सर्व्हर उठला की नवा पोर्ट. तिथं ठरलेला आकडा टाका अन् तोही उघडा. फायरवॉलच बंद करायची, हा कुठला इलाज?