थोडंसं चालतं हो!

घरात कुणाला शुगर निघाली की सगळ्यात आधी डॉक्टरांचा पथ्याचा कागद फ्रिजवर चिकटवावा. आल्यागेल्याला दिसला पाहिजे. वाचायचं कोण, हे नंतर ठरवता येतं.

मग साखर बंद करून गूळ आणावा. दोन्ही उसाचेच, पण गुळाला ‘सेंद्रिय’ म्हटलं की तो रक्तात गेल्यावर साखर व्हायचं विसरतो, अशी आपली श्रद्धा हवी. पुरणपोळी वाढताना ‘थोडंसं चालतं हो, गोळी घेताय ना’ म्हणावं. आमच्याकडे अण्णा आहेत, तुमच्याकडे जे कोण असतील ते नको म्हणाले, तर ‘एवढं रांधलं ते कुणासाठी?’ असं विचारून डोळ्यांना पदर लावावा. सकाळी कारल्याचा रस पाजला की आदल्या रात्रीचं श्रीखंड फिटलं.

रक्त तपासायच्या आधी चार दिवस मात्र कडकडीत पथ्य. भाकरी, मेथी, सोसायटीला दोन फेऱ्या जादा. उपाशीपोटीची शुगर ११० आली की रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर. एचबीएवनसीच्या वाटेला जाऊ नये. ती तपासणी मागच्या तीनेक महिन्यांच्या चहाड्या करते, गणपतीतल्या मोदकांसकट.

इन्सुलिन शक्य तेवढं लांबवा. शेजारच्या काकू सांगतात, एकदा लागलं की सुटत नाही. (काकूंचा चष्मा तीस वर्षांत सुटलेला नाही, पण ते वेगळं.) घ्यावंच लागलं तर बाटली फ्रीझरमध्ये, मटारांच्या पिशवीशेजारी ठेवा. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं म्हणतात, पण मटार तर चांगले राहतात! सिरिंजही हाताला लागेल ती घ्यावी. लाल टोपणाची मिलिलिटरला ४० युनिटं असलेल्या बाटलीला, नारिंगी टोपणाची १०० वालीला, हे बघत बसायला वेळ कुणाला आहे? १०० ची बाटली, लाल टोपणाची सिरिंज आणि २० ची रेघ, एवढं जमलं की अंगात जातात ५० युनिटं. पण रेघ २० चीच होती, हे तुम्ही शपथेवर सांगू शकता.

त्यानंतर अण्णांना दरदरून घाम फुटेल, हात थरथरतील, ते उगाच खेकसतील. ‘बघा, शुगर वाढली!’ असं जाहीर करावं. शुगर मोजायचं मशीन कपाटात असतंच, ते तिथेच राहू द्यावं. खरं तर शुगर घसरलेली असते, शुद्धीत आहेत तोवर तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजायची ही वेळ असते. वर्षभर लाडू भरवणाऱ्या घराला पथ्य आठवावं ते नेमकं आत्ता. हातातला सरबताचा पेला काढून घ्यावा.

पायांकडे बघायचं कारण नाही. पाय काय, मोज्यात असतात.

आमच्या अण्णांच्या अंगठ्याला जखम झाली, तेव्हा ड्रेसिंगला सिस्टर यायला लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी पट्टी सोडायच्या आधी अण्णांचा बूट मागवला, उलटा केला आणि फरशीवर आपटला. आतून शर्टाचं एक बटण घरंगळत बाहेर आलं.

“किती दिवस होतं हे?”

“काय होतं?” अण्णांनी विचारलं. आठवडाभर ते त्याच बुटातून रोज तळ्यापर्यंत चालून येत होते.

आई वाकली, बटण उचलून पदराला पुसलं आणि म्हणाली, “अगंबाई! हे मी घरभर शोधत होते.”