नुरा असली म्हणून काय झालं? जपानी इंडी रेसलिंगवरच्या आक्षेपांना उत्तर

जपानच्या छोट्या रेसलिंग संघटनांबद्दल एक मजकूर सध्या बराच फिरतोय. त्याचं सार असं: निकाल आधीच ठरलेला, म्हणजे सगळी नुरा कुस्ती, तिला चांगली-वाईट कशाच्या जोरावर म्हणणार? सुरुवातीचे सामने भरताड, थेट शेवटचा लावा. ट्यूबलाइट फोडायला आणि बाहुलीशी झुंजायला अक्कल लागत नाही. प्रेक्षक मख्ख बसतात. आणि बघायचंच असेल तर समीक्षकाने सामन्याला दिलेले तारे, म्हणजे गुण, बघून बघा.

यातली पहिली गोष्ट खरी आहे. निकाल ठरलेला असतो. तिच्यावरून काढलेला एकही निष्कर्ष मात्र टिकत नाही.

निकाल ठरलेला असतो म्हणूनच तर परीक्षण करता येतं. मातीतली कुस्ती दहा सेकंदांत चितपट होऊन संपली, तर त्याबद्दल कुणाला बोल लावता येत नाही. इथे लावता येतो, कारण तो शेवट कुणीतरी निवडलेला असतो. संगीत नाटकाला दहाव्यांदा जाणाऱ्याला शेवट पाठ असतो, तरी प्रयोग रंगला की पडला हे तो ठामपणे सांगतोच. मी बघतो ते साधं आहे. एकाने दुसऱ्याचा गुडघा आठ मिनिटं पिळला. मग दुसऱ्याने पलटवार केला. तो धावला, उडी मारली, पाडलं. आता पिन करायला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे खांदे जमिनीला टेकवून सामना संपवायला जाताना त्याला तो गुडघा आठवतो का? आठवला आणि त्यामुळे पिनला दोन क्षण उशीर झाला, प्रतिस्पर्धी निसटला, तर आधीची आठ मिनिटं वसूल. विसरला, तर ती आठ मिनिटं वाया गेली, मग पुढे कितीही कोलांट्या मारा.

‘पहिले सामने सोडा’ हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. बऱ्याच संघटनांत पहिल्या सामन्यातल्या नवख्यांना मुद्दाम चार-पाचच डाव दिलेले असतात: बॉडी स्लॅम (उचलून आपटणं), ड्रॉपकिक (उडी मारून दोन्ही पायांनी लाथ), शेवटी बॉस्टन क्रॅब. म्हणजे पाठीवर बसून पाय मागे ओढलेत, सुटकेसाठी खालच्या पोराचा हात दोराकडे जातोय. बोटं दोराला लागता लागता त्याला पुन्हा रिंगच्या मधोमध ओढून आणतात, आणि मग तो हार मानतो. दिखाऊ डाव हाताशी नसताना हॉल त्याच्या बाजूने उभा राहिला, तर तो पोरगा शिकलाय. शिवाय साध्या क्रॅबने सामना संपू शकतो हे प्रेक्षकाला तिथेच पटतं. त्याच भांडवलावर मुख्य सामन्यात कुणी क्रॅब लावला की लोक खुर्चीच्या कडेला येतात. पहिला सामना सोडलात तर शेवटचाही अर्धाच दिसला.

काचा आणि रक्ताबद्दल. रेसलर अत्सुशी ओनिता यांनी १९८९ मध्ये एफएमडब्ल्यू ही संघटना काढली. ४ ऑगस्ट १९९० ला टोकियोच्या शिओदोमेत ते टार्झन गोतोशी लढले, दोरांऐवजी स्फोटकं लावलेल्या काटेरी तारांमध्ये. ‘टोकियो स्पोर्ट्स’ या दैनिकाने वर्षातला सर्वोत्तम सामना म्हणून हाच निवडला. २००९ मध्ये तोच मान बिग जपान संघटनेच्या र्युजी इतो विरुद्ध जुन कासाई या ब्लेड लावलेल्या फळ्यांच्या सामन्याला मिळाला. अशा काचा-तारांच्या सामन्यांना डेथमॅच म्हणतात. वाईट डेथमॅच असतात, ढिगाने असतात. पहिल्याच मिनिटाला दहा ट्यूब फुटल्या, की अकराव्या ट्यूबचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. चांगल्या सामन्यात काच दिसते, जवळ येते, टळते. हे टाळणंच तर कौशल्य. आणि त्याच बिग जपानमध्ये काचेचा तुकडाही नसलेला, निव्वळ ताकदीचा ‘स्ट्राँग’ विभाग आहे. दाइसुके सेकिमोतोचा एक सामना बघितला असता तर हा आक्षेप लिहिला गेला नसता.

बाहुलीचंही तेच. कोता इबुशी या रेसलरने डीडीटी संघटनेत असताना योशिहिको नावाच्या बाहुलीशी सामने केले. बाहुली काहीच करत नाही, म्हणजे तिने ‘मारलेल्या’ डावातली उडी, गिरकी, आपटणं, सगळं इबुशीलाच करावं लागतं, आणि तेही तिने केलं असं वाटेल अशा बेताने. एरवी दोघांच्या ताळमेळात झाकलं जाणारं काम इथे उघडं पडतं. हसून घ्या, पण त्याचे पाय बघा.

प्रेक्षक मख्ख? टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये बुचकळ्यात पाडणारा नियर फॉल झाला, म्हणजे पिन होता होता खेळाडू शेवटच्या क्षणी निसटला, की पाय आपटल्याचा जो गडगडाट होतो, तो हेडफोन लावून ऐका. कोरोनाच्या काळात ओरडायला मनाई होती तेव्हाही टाळ्यांच्या ठेक्यावरून सामना चढतोय की उतरतोय हे कळत होतं. शांतता म्हणजे कंटाळा, हे गृहीतकच चुकीचं आहे.

राहिले तारे. अमेरिकेतले रेसलिंग समीक्षक डेव्ह मेल्ट्झर यांची पाच ताऱ्यांची मोजपट्टी जगभर चालते. त्यांनी ओकादा आणि ओमेगा या बड्या रेसलरांच्या, २०१७ च्या टोकियो डोम या प्रचंड स्टेडियममधल्या सामन्याला सहा तारे दिले, २०१८ मधल्या लढतीला सात. पाचपैकी सात! मला त्या सामन्यांबद्दल तक्रार नाही, पण ती पट्टी घेऊन टोकियोतल्या इचिगायाच्या छोट्या खोलीत जा. तिथे चॉकोप्रो या संघटनेचे सामने होतात: रिंग नाही, दोर नाहीत, जमिनीवर मॅट, आणि उडी मारायला खिडकीची चौकट. आपला भारतीय बालियान अक्की तिथेच नावारूपाला आला. दोरच नाहीत तिथे खिडकीचा वापर कसा केला, हे विचारायचं की डोमच्या मापाने तारे कापायचे?

तारा एकेका सामन्याला मिळतो. शो मात्र सहा-सात सामन्यांचा मिळून होतो. साडेतीन ताऱ्यांचा एखादा टॅग (जोड्यांचा) सामना तिसऱ्या क्रमांकावर चोख बसतो, लोकांना हसवून मोकळं करतो. तोच शेवटी ठेवला असता तर पडला असता. हे दिसायला तिसरा सामना बघावा लागतो, आणि मजकूर लिहिणाऱ्याने तर थेट शेवटचाच लावला होता.