पत्रा उडतो तो स्क्रूपाशी

वळवाचे दिवस जवळ आले की सोलापुरात मोबाइलवरून एक संदेश फिरू लागतो: पत्रा पातळ असतो म्हणून उडतो, तेव्हा जाड घ्यावा, वर दगड ठेवावेत, वादळात शटर उघडे टाकावे, म्हणजे वारा आरपार निघून जातो, आणि एक वादळ सोसलेल्या छपराची काळजी करू नये. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

कमी उताराच्या छपरावरून जाणारा वारा पत्र्याला मुख्यतः वर ओढतो. ताशी 100 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे 47 किलो भरतो, आणि वळचणीला व कोपऱ्यांवर ओढ त्याहूनही वाढते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन मात्र तेवढ्या जागेत चार-पाच किलोच असते. जाडी दुप्पट केली तरी वजनाने हा हिशेब जुळत नाही. दगडांनी तो जुळवायचा तर सारे छप्परच दगडांनी भरावे लागेल, आणि पत्रा उचलला गेला की तेच दगड गल्लीत पडतील.

एका यंत्रमागाच्या शेडचा उडालेला पत्रा मी जवळून पाहिला आहे. स्क्रू वॉशरसकट पर्लिनमध्ये, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या लोखंडी दांड्यांमध्ये, घट्ट उभे होते, आणि पत्र्याची भोके चांदणीसारखी फाटली होती. पत्रा जाड असता तर ती उशिरा फाटली असती, एवढे श्रेय त्या संदेशाला द्यावे लागेल. पण शेजारच्याच गाळ्यात वेल्डिंगचे टाके सुटून पर्लिनसकट पत्रा गेला होता, तिथे जाडीचा काय उपयोग?

वाऱ्याच्या तोंडावरचे शटर उघडे असले की आत शिरलेली हवा छपराला खालून रेटते आणि वरची ओढ तर चालूच असते. ते बंदच हवे.

राहिला एक वादळ सोसल्याचा मुद्दा, आणि मला सर्वांत घातक वाटतो तो हाच. 25 डिसेंबर 1974 रोजी ट्रेसी चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियातील डार्विन शहर उद्ध्वस्त केले, तेव्हा असंख्य छपरांचे पत्रे झोतामागून झोत सोसून स्क्रूंभोवती चिरत गेले आणि एरवी पेलले असते अशा भाराखाली सुटले. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसेच हे. म्हणून वादळानंतर वळचणीकडचे चार-सहा स्क्रू काढून वॉशरखाली बारीक चीर आहे का ते पाहावे. खालून, शेडमध्ये उभे राहून, ती दिसत नाही.